कान्याआधीचा ठेका

लॅपटॉपनं मला पहिल्यांदा 'नमस्कार, हत्तुरे सर' म्हटलं, तेव्हा मी त्याला मोठ्यानं मूर्ख म्हटलं. शेजारच्या टेबलावरचे कोर्टाचे नाझर दचकले. म्हटलं, तुम्हाला नाही हो, याला. साडी नेसून समोर बसलेल्या बाईला सर म्हणायचं म्हणजे काय?

मी प्रमिला तवटे, राहणार बार्शी. तालुका कोर्टात साक्षी टाइप करते. आजकाल टाइप कोण करतं, असं तुम्ही म्हणाल. पोरं यंत्राशी बोलतात आणि यंत्र लिहून घेतं, हे मलाही माहीत आहे. पण मधली काही वर्षं आठवा. कोणाचाही चेहरा, कोणाचाही आवाज यंत्राला हुबेहूब करता यायला लागला होता. माझ्या जावेला तिच्या मुलाचा रडत फोन आला, आई मला सोडव म्हणून. हिनं हंबरडा फोडला, तर मुलगा आतल्या खोलीतून डोळे चोळत बाहेर आला. पुढं कोर्टात तर साक्षीदार खरा की बनवलेला, यावरच महिनोन्‌महिने वाद चालायचे. बाकीचं काम राहिलंच बाजूला.

तेव्हा कोणीतरी एक जुनीच कल्पना झटकून पुढं आणली. माणूस टाइप करतो त्याला एक लय असते. एक बटण किती वेळ दाबून धरता, तिथून दुसऱ्या बटणावर जायला किती वेळ घेता, कुठलं बोट जड पडतं, कुठलं हलकं. फरक असतात सेकंदाच्या हजाराव्या भागांचे. हे कसं करता असं विचारलं तर आपल्यालाच सांगता येत नाही, कारण ही सवय आपण विचार करतो तिथं नसतेच. ती मेंदूच्या मागच्या बाजूला, लहान मेंदूत, जाऊन बसलेली असते. सायकल चालवण्याची बसते ना, तशी. जे सांगता येत नाही ते कोणाला चोरताही येत नाही. शिवाय यंत्र दर वेळी नवीनच ओळ टाइप करायला देतं, त्यामुळं जुनी लय नुसती पुन्हा वाजवून भागत नाही. सरकारनं याला 'स्पर्शलय' असं भारदस्त नाव दिलं. लोक ठेका म्हणतात. आता दवाखाना, बँक, कोर्ट, कुठंही जा, आधी ओळभर टाइप करायचं. ठेका जुळला तर तुम्ही तुम्ही.

खरं सांगते, मला ही गोष्ट पहिल्यापासून आवडली. चेहरा आईबापांनी दिलेला असतो. ठेका मात्र आपण आपल्या हातानं कमावलेला.

तर तो लॅपटॉप. कोर्टानं नवीन दिलेला, एवढासा, शाळेतल्या पाटीएवढा. बटणं मऊ, आणि त्यांच्यावरची अक्षरं छापलेली नाहीत, आतून उमटतात. जुना संगणक ठेका फक्त इंग्रजीत तपासायचा. तो माझा नोंदलेला होता, त्यात हाही 'नमस्कार, प्रमिला तवटे' असं व्यवस्थित म्हणाला. मग मी कीबोर्डची भाषा बदलायला गेले. सेटिंगमध्ये भाषा, भाषेत मराठी, आणि मराठीत पुन्हा वेगवेगळे प्रकार. इंग्रजी अक्षरांतून मराठी काढायचा पोरांचा प्रकार सगळ्यात वर. सगळ्यात खाली, कोणी बघू नये अशा जागी, 'मराठी (जुना टंकलेखक)'. मी तो निवडला. बटणांवरची इंग्रजी अक्षरं विरघळली आणि आमची जुनी अक्षरं जिथल्या तिथं वर आली. मला माहेरी गेल्यासारखं वाटलं. यंत्रानं दिलेली ओळ मी झरझर टाइप केली, आणि ते मला सर म्हणालं.

बसवंत हत्तुरे सर म्हणजे आमच्या टायपिंग क्लासचे सर. ठेक्याच्या नोंदणीतही त्यांनी नाव 'हत्तुरे सर' असंच घातलेलं. बार्शीतल्या निम्म्या कारकुनांचे हात त्यांनी घडवलेत.

मी लातूरला नसीमला फोन लावला. नसीम मुलाणी माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची, आता दस्तनोंदणी कचेरीत आहे. म्हटलं, तुझ्या लॅपटॉपवर कीबोर्ड जुन्या मराठीवर टाक आणि एक ओळ मार.

थोड्या वेळानं तिचा फोन आला. "पमे, ते मला हत्तुरे सर म्हणतंय."

"मलाही."

"मग खरे सर कोण?" नसीम म्हणाली आणि आम्ही दोघी हसत सुटलो. हसू फार टिकलं नाही. दुसऱ्या दिवशी स्पर्शलय केंद्राचा निरोप आला की एकाच माणसाच्या ठेक्यानं अनेक गावांतून मराठी टायपिंग होतंय, हा तोतयेगिरीचा प्रकार दिसतो, आणि चौकशीला अधिकारी येत आहेत.

अधिकारी म्हणजे अबोली ढेरे. माझ्या भाचीच्या वयाची, पायांत बूट, खांद्याला पिशवी. मी भांडायच्या तयारीनं बसले होते. तिनं आल्या आल्या विचारलं, "काकू, तुम्ही टायपिंग शिकलात कशा?"

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. मग मी सांगत सुटले.

सर तरुणपणी भजनात पखवाज वाजवायचे. क्लास काढला तेव्हा त्यांनी टायपिंगही तालावरच शिकवलं. हातात लाकडी पट्टी, ती टेबलाच्या कडेवर वाजायची, आणि आम्ही सगळ्यांनी त्यावर एकदम बटणं मारायची. मराठी मशीनवर पुष्कळ अक्षरं दोन घावांत होतात. आधी अर्धं अक्षर मारायचं, मग काना मारून ते पूर्ण करायचं. अर्ध्या अक्षराला एक ठोका, कान्याला दुसरा. आता सरांचं मनगट लहानपणी मोडून वाकडं बसलेलं. पहिला ठोका नीट पडायचा, दुसऱ्याला मनगट वळायचं नाही आणि पट्टी कणभर उशिरा पडायची. आम्ही बापडे त्या पट्टीमागं चाललेलो. कान्याआधी कणभर थांबायचं, असाच आमचा समज. मिनिटाला तीस शब्दांच्या परीक्षेला थांबलो, चाळिसाच्या परीक्षेला थांबलो, पुढं नोकरीभर थांबलो.

अबोली ऐकता ऐकता उभीच राहिली. "म्हणजे त्यांचं मोडलेलं मनगट तुमच्या सगळ्यांच्या हातात आहे?"

"आता तू म्हणतेस तर आहे."

"आणि भाषा इंग्रजी केली की ते जातं, कारण इंग्रजी तुम्ही दुसरीकडं शिकलात. काकू, हे कसलं भारी आहे." पोरीचे डोळे चमकत होते. तोतया पकडायला आलेली बाई एवढी खूश झालेली मी पहिल्यांदाच पाहिली. म्हणाली, सरांना भेटायचंय.

सर जुन्या क्लासच्या वरच्या खोलीत एकटेच राहतात. खाली आता मोबाइलचं दुकान आहे. मी बऱ्याच दिवसांनी गेले होते, आणि दार उघडताच नजर सरांच्या हातांवर गेली. दोन्ही हात थरथरत होते. कंपवात.

"ये खुणे," सर म्हणाले. मला ते अजून माहेरच्या आडनावानं हाक मारतात. "आणि ही कोण? नवीन ॲडमिशन?"

अबोलीनं सगळं सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकलं, मग कोपऱ्यातला तसलाच एवढासा लॅपटॉप दाखवला. नगरपालिकेनं सगळ्या म्हाताऱ्यांना दिलेला. "तुमचं मशीन या पोरींना हत्तुरे म्हणतं," ते म्हणाले, "आणि मला काय म्हणतं ते बघा."

त्यांनी ओळ टाइप करायला घेतली. बोटं एका बटणावर जायची आणि थरथरून तीन बटणं दाबायची. पडद्यावर आलं: ही व्यक्ती ओळखता येत नाही.

मला राग आला. कोणाचा, ते कळेना.

मग गोष्ट बाहेर आली. ठेका जुळत नसला की माणसाला पुन्हा पुन्हा संधी देतात, पण वार्षिक पडताळणीतही जुळला नाही तर त्याच्या वतीनं पालक नेमतात. सरांचा पुतण्या पुण्यात असतो. माणूस वाईट नाही, पण त्यानं पुण्यातल्या वृद्धाश्रमात जागा बघून ठेवली होती. पडताळणी पुढच्या सोमवारी. ती हुकली की सरांनी कुठं राहायचं, कुठलं औषध घ्यायचं, हे सर ठरवणार नव्हते.

"मला इथंच राहायचंय," सर म्हणाले. एवढंच. तक्रार नाही, काही नाही. खालच्या दुकानातून कुठल्याशा गाण्याचा आवाज येत होता आणि ते थरथरत्या हातानं आम्हाला चहा गाळून देत होते. अर्धा चहा बशीत.

मी अबोलीसमोरच बोलून टाकलं. "सर, काळजी कशाला करता? सोमवारी मी येते. कीबोर्ड मराठीवर टाकते आणि तुमची ओळ मी मारते. मशीन मला सर म्हणतंच आहे."

"खुणे."

सरांनी हातातली गाळणी खाली ठेवली. "टायपिंगच्या परीक्षेला डमी बसवायचे लोक," सर म्हणाले. "माझ्या क्लासचा एक तरी डमी कधी बसला? मग आता मी डमी बसवू? नापास झालो तर झालो."

परतीच्या वाटेवर मी सरांना मनातल्या मनात चार शब्द सुनावले. एवढा ताठा कशाला या वयात? पण हेही खरं की ते हो म्हणाले असते, तर मला आवडलं नसतं.

 स्टँडजवळ आल्यावर अबोली थांबली. "काकू, थरथर म्हणजे ठेका नाही. थरथरीची स्वतःची एक ठरावीक गती असते, ती वरून येऊन बसते. खालचा ठेका असतोच. गर्दीत कोणी गुणगुणत असेल तर गाणं माहीत असलेल्याला ते ऐकू येतं, तसा तो मशीनला ऐकू येईल. पण मशीनला सरांचं गाणंच पुरतं माहीत नाही. नोंदणीच्या वेळी त्यांच्याकडून चार ओळी घेतल्या, बस्स."

"मग आणखी घ्या."

"आता कुठून घेणार? हात तसे राहिले नाहीत." मग ती माझ्या हातांकडं बघायला लागली. "तुमच्याकडं आहे. सगळ्या वर्गाकडं आहे. तुमचा प्रत्येकीचा आपला म्हणून थोडा थोडा फरक असणार. पण पुष्कळ जणांचं टायपिंग एकावर एक ठेवलं की ते फरक एकमेकांना खाऊन टाकतात. जे सगळ्यांत सारखं आहे तेवढंच उरतं. उरतात ते सर."

"आणि तुमचा नियम?"

"नियम म्हणतो, नमुना वाढवता येतो, फक्त माणूस तोच हवा." ती हसली. "तोच आहे असं आमच्या मशीननं लेखी दिलंय. आता मागं कसं घेणार?"

मला ती पोर तिथंच आवडली. पण पुढचं तिनं लपवलं नाही. नमुना दिला की आमचा मराठी ठेका सरांच्या नावानं जमा होणार आणि आमचं मराठीचं खातं गोठणार. आम्हाला एकमेकींपासून वेगळं काढायचा ती प्रयत्न करेल. जमेलच असं सांगता येत नाही. कोर्टात मराठी टाइप करता आलं नाही तर मी टेबलावर बसून काय करणार होते? निवृत्तीच्या तोंडावर मला रेकॉर्ड रूममध्ये धूळ खात बसवतील, हे दिसत होतं. साक्षी टाइप करणं मला आवडतं. साक्षीदार बोलता बोलता रडतो, तेव्हा माझी बोटं आपोआप सावकाश होतात. ते काम जाणं म्हणजे माझ्यातलं बरंच काही जाणं होतं.

घरी येऊन मी भाकरी थापत होते आणि हात थापतानाही त्याच ठेक्यात चाललेत, हे माझ्या लक्षात आलं. पहिली थाप, कणभर थांबणं, दुसरी थाप. आयुष्यभर भाकऱ्या केल्या, कधी कळलं नव्हतं. मला हसू आलं आणि रडूही आलं. गॅस बंद करून मी नसीमला फोन लावला.

"खातं गोठू दे," नसीम म्हणाली. "माझ्या फीमध्ये सरांनी सवलत दिली होती, हे तुला माहीत नाही."

"मलाही दिली होती."

"कमाल आहे. मला म्हणाले होते, कोणाला सांगू नकोस."

नांदेड, परळी, कुर्डुवाडी, मस्कतला सुनेच्या बाळंतपणाला गेलेली आमची वैजयंती, सगळ्यांना फोन झाले. कोणाला पटवावं लागलं नाही. दिगंबर लाड तेवढा नाही म्हणाला. मोठ्या हुद्द्यावर आहे, त्याला जोखीम नको होती. क्लासमध्येही तो पट्टीच्या पुढं पळायचा. असो.

शनिवार-रविवार सगळे आपापल्या लॅपटॉपवर कीबोर्ड बदलून बसले. सरांच्या वेळचा पहिला धडा, दुसरा धडा, मग जे सुचेल ते. अबोलीच्या पडद्यावर प्रत्येकाच्या ठेक्याची एक रेघ उमटत होती. एकावर एक रेघा पडत गेल्या, वेड्यावाकड्या रेषांचं जंजाळ विरत गेलं आणि मधोमध एकच स्वच्छ रेघ उरली. कान्यापाशी तिच्यात एक बारीक वळण होतं. "हे मनगट," अबोली हळूच म्हणाली. आम्ही दोघी त्या वळणाकडं बघत राहिलो. माणसाच्या हाताचं असं चित्र मी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते दाखवणाऱ्या यंत्राला मी मूर्ख म्हटलं होतं.

सोमवारी सर इस्त्रीचा सदरा घालून बसले. मी आणि अबोली मागं. लॅपटॉपला हात फक्त सरांनी लावायचा. त्यांनी स्वतः कोपऱ्यातलं बटण दाबून कीबोर्ड मराठीवर घेतला. ओळ आली. त्यांनी टाइप केली. यंत्र नेहमीपेक्षा जास्त वेळ विचार करत राहिलं. मग पडद्यावर आलं: साम्य आहे, पुरेसं नाही. पुन्हा प्रयत्न करा.

सर घाबरले होते. घाबरलं की थरथर वाढते. मला ते बघवेना. माझं बोट केव्हा टेबलाच्या कडेवर वाजायला लागलं, मला कळलंच नाही. सरांनी मान वळवली. मी बोट थांबवलं.

"थांबवू नका," अबोली म्हणाली. "सर, कंपवातात आतला ताल बिघडतो. बाहेरून ताल मिळाला की हाताला वाट सापडते. डॉक्टरही रुग्णाला तालावर चालायला लावतात. काकू, पट्टी आहे का?"

पट्टी भिंतीवरच टांगलेली होती. पण सर ऐकतात थोडेच. "परीक्षेत पट्टी चालत नाही. ही कॉपी झाली."

"चष्मा लावून पेपर लिहिला तर कॉपी होते का?" अबोलीनं विचारलं.

 सर म्हणाले, "हिला उशिरा घेतली तुम्ही क्लासात. वाजव खुणे."

मी पट्टी घेतली. आयुष्यात पहिल्यांदाच ती माझ्या हातात होती. अर्ध्या अक्षराला एक ठोका, कणभर थांबून कान्याला दुसरा. माझं मनगट धडधाकट आहे, तरी ठोका उशिराच पडत होता. सरांनी दोन-तीन ठोके नुसते ऐकले. मग त्यांची बोटं उतरली. थरथर होतीच, पण बोटं तिच्या मधून वाट काढत निघाली, अर्धं अक्षर, काना, अर्धं अक्षर, काना. 

'नमस्कार, हत्तुरे सर.'

सर पडद्याकडं बघत राहिले. मग त्यांनी आम्हाला विचारलं, "कान्याआधी मी अडखळतो का गं?"

"हो, सर."

"आणि तुम्हाला सगळ्यांना तेच शिकवलं?"

"हो."

"मग सांगायचं नाही का तेव्हाच." ते खरोखर ओशाळले होते. मी त्यांच्या पाया पडले. एरवी मी कोणाच्या पाया पडत नाही.

सर त्याच खोलीत राहिले. औषधं त्यांची, निर्णय त्यांचे, चहा बशीत. मी काही महिने रेकॉर्ड रूममध्ये धूळ खाल्ली. नसीमनं लातूरला खाल्ली. मग एक दिवस अबोलीचा फोन आला. आम्हाला वेगळं काढायची युक्ती तिला सापडली होती. प्रत्येकीच्या ठेक्यातून आधी सर वजा करायचे. जे उरतं ते ज्याचं त्याचं. मी कीबोर्ड मराठीवर टाकला, ओळ मारली, आणि यंत्र म्हणालं, 'नमस्कार, प्रमिला तवटे.' काम परत मिळालं म्हणून आनंद झाला. तरी मला सर म्हणणारं कोणी उरलं नाही, याचं थोडं वाईटही वाटलं.

पुढच्या वर्षी पडताळणीच्या थोडं आधी सर गेले. आपल्या खोलीत, आपल्या खाटेवर. गेलेल्या माणसाचा ठेका नोंदीतून पुसतात. तसा नियमच आहे. तेराव्यानंतर अबोलीनं फोन केला, तेव्हा मला वाटलं तेच सांगणार.

"काकू, सरांचा ठेका पुसता येत नाहीये," ती म्हणाली. "तो वजा करूनच तुम्ही सगळ्या वेगळ्या झाला आहात. तो पुसला तर तुमच्यातून वजा काय करायचं? वरच्यांना कळवलं. त्यांनी मान्य केलं. नोंदीत त्यांच्या नावापुढं 'मयत' लिहिलंय आणि ठेक्यापुढं 'चालू'."

मी तिला ते पुन्हा वाचायला सांगितलं. तिनं वाचलं.

सकाळी कोर्टात जाते, एवढासा लॅपटॉप उघडते, कोपऱ्यातलं बटण दाबून कीबोर्ड मराठीवर घेते. पहिला साक्षीदार उभा राहतो. मी टाइप करायला लागते, आणि कान्याआधी हात कणभर थांबतो. मी थांबू देते.